इन्सिनरेटरच्या राखेतले जड धातू जागीच जखडून ठेवायचे कसे: आधी सामू, मग रसायन

कचरा जाळला की त्याचे आकारमान घटते, पण त्यातले शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे काही जळत नाही. ते राखेत उतरते आणि तिथे आधीपेक्षा जास्त दाट होते. रासायनिक स्थिरीकरणाने हे धातू राखेतून निघून जात नाहीत. पाण्याला हाती लागणार नाहीत अशा खनिजात ते अडकून पडतात, इतकेच. एकूण शिसे उपचारापूर्वी जेवढे होते तेवढेच नंतरही भरते, बदलते ते फक्त झिरप्यात, म्हणजे राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात, उतरणारे प्रमाण. कचरा जळताना तयार होणाऱ्या डायऑक्सिन या विषारी सेंद्रिय संयुगांवर तर या उपचाराचा काहीच परिणाम होत नाही, त्यासाठी उष्णतेच्या वेगळ्या पद्धती लागतात.

पुढचे सगळे वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. धातू सुटणार की बसणार हे सर्वात आधी राखेचा सामू (पीएच) ठरवतो, रसायनाचा नंबर त्यानंतर लागतो. कोणते रसायन चांगले या वादात महिने घालवणाऱ्यांनी अनेकदा राखेचा सामू नीट मोजलेलाही नसतो.

राख कोणती ते आधी ठरवा

शेगडीखाली पडणारी तळराख आणि धूर शुद्ध करताना बॅग फिल्टरमध्ये अडकणारी उडती राख यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. घरगुती कचऱ्याच्या भट्टीत तळराख साधारणपणे कचऱ्याच्या वजनाच्या २० ते २५ टक्के निघते, तर फिल्टरची राख २ ते ५ टक्के. तळराखेत तांबे, शिसे आणि धातूचे तुकडे असतात. फिल्टरच्या राखेत भट्टीच्या उष्णतेने वाफ होऊन नंतर थंड झालेले शिसे, कॅडमियम, जस्त आणि पारा, शिवाय भरपूर क्लोराइड आणि धूर धुण्यासाठी फवारलेला न वापरलेला चुना असतो. हा चुनाच सामू १२ च्या वर नेऊन ठेवतो. धूर धुवायला चुन्याऐवजी खाण्याचा सोडा वापरला असेल तर आम्ल पचवण्याची ताकद बरीच कमी असते. अशा राखेला चुन्याच्या राखेचा डोस लावला तर सामू नको तितका खाली कोसळतो.

तळराख आणि फिल्टरची राख एकत्र करून उपचार करू नका. मिसळल्याने आकडे सुधारलेले दिसतात, पण ते पातळ केल्यामुळे.

शिशाचा सामूशी खेळ

शिसे आणि जस्त आम्लातही विरघळतात आणि तीव्र अल्कातही. शिशाची विद्राव्यता साधारण ८.५ ते १०.५ सामूच्या दरम्यान सर्वात कमी असते. ११.५ च्या पुढे त्याचे हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते. म्हणून चुन्याने गच्च भरलेली फिल्टरची राख नुसत्या पाण्यात टाकली तरी शिसे सोडते, आम्लाची गरजच पडत नाही. कॅडमियमला अल्कधर्मी वातावरण मानवते, मात्र सामू उतरला की तो क्लोराइडबरोबर विरघळणारी संयुगे करून निसटतो. क्रोमियम सहा (सहा संयुजेचे क्रोमियम), मॉलिब्डेनम आणि अँटिमनी ऋण आयनांच्या रूपात फिरतात, त्यामुळे शिशाचे नियम त्यांना लागू पडत नाहीत. अँटिमनी तर सामू १२ वरून ९ कडे आणला की उलट जास्त सुटते, कारण ते चुन्याबरोबर धरून बसलेले असते आणि चुना गेला की मोकळे होते.

सर्व धातूंना एकदम आवडणारा असा सामू नाही. शिसे, जस्त आणि कॅडमियम यांच्यासाठी ९ ते १० हे लक्ष्य ठेवायचे आणि उरलेल्यांची वेगळी चाचणी करायची, हा व्यवहारातला मध्यम मार्ग.

नमुना

राख तासागणिक बदलते. एकाच खेपेतून एक डबा भरून आणलेला नमुना काहीच सांगत नाही. दिवसभरात ठरावीक अंतराने किमान १० ते १५ वेळा, प्रत्येक वेळी साधारण एक किलो राख घ्या. सगळी एकत्र करून शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून पसरवा, चार चतकोर करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन काढून टाका. हवे तेवढे उरेपर्यंत हेच करत राहा.

नमुना हवाबंद डब्यात, काठोकाठ भरून ठेवा. उघड्या पिशवीतली राख हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढते आणि काही दिवसांत तिचा सामू उतरतो. फिल्टरच्या राखेतले कॅल्शियम क्लोराइड ओलही खेचते आणि राखेचे गोळे होतात. अशा राखेवर ठरवलेला डोस ताज्या राखेला पुरत नाही.

ही धूळ दाहक आहे आणि तिच्यात शिसे व कॅडमियम आहे. पी३ दर्जाचा मास्क, बंद चष्मा, रसायनरोधक हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. झाडू आणि दाबाची हवा वापरायची नाही. सांडलेली राख बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने उचला.

रसायन घालण्याआधीच्या चाचण्या

पहिली चाचणी सामूची. १० ग्रॅम राख १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास ढवळून मोजा.

दुसरी, आम्ल पचवण्याची ताकद. राखेचे पाच-सहा सारखे भाग घ्या, प्रत्येकात वाढत्या प्रमाणात नायट्रिक आम्ल टाका, २४ तास हलवा आणि सामू नोंदवा. किलोमागे किती मोल आम्लाने सामू १० वर आणि किती आम्लाने ७ वर येतो ते समजते. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा असतो.

तिसरी, ज्वलनशील वायूची. राखेत ॲल्युमिनियम धातू असेल तर अल्कधर्मी पाण्यात तो हायड्रोजन सोडतो. एक किलो ॲल्युमिनियममधून सुमारे १.२ घनमीटर वायू निघतो आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. मोजमापाची उलटी नळी पाण्यात ठेवून १०० ग्रॅम ओल्या राखेतून २४ तासांत किती वायू निघतो ते पाहा. मिक्सर बंद झाकणाचा करायचा की मोकळा, हे यावरून ठरते.

चौथी, धातूंचे एकूण प्रमाण आणि क्लोराइड. पाचवी, उपचाराविना निक्षालन, म्हणजे कच्च्या राखेतून द्रावणात किती धातू सुटतो ते पाहणे. तुलनेला पाया म्हणून हे आकडे लागतात.

निक्षालनाच्या चाचणीतली एक फसगत

टीसीएलपी या अमेरिकी निक्षालन चाचणीत ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक केलेला नमुना त्याच्या वजनाच्या २० पट द्रावणात १८ तास, मिनिटाला ३० फेऱ्यांनी उलटापालटा फिरवतात. अल्कधर्मी राखेसाठी २.८८ सामूचे द्रावण लागते. एक लिटर पाण्यात ५.७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घातले की ते तयार होते. शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची १ मिलिग्रॅम.

आता आकडेमोड करा. या द्रावणात लिटरला जवळपास ०.१ मोल आम्ल असते. २० पट द्रावण म्हणजे एक किलो राखेमागे २ मोल. राखेची आम्ल पचवण्याची ताकद किलोमागे २ मोलपेक्षा जास्त असेल तर १८ तासांनंतरही द्रावण अल्कधर्मीच राहते. त्यात ते नेमके ९-१० च्या आसपास थांबले तर शिसे अगदी कमी दिसते आणि राख उत्तीर्ण होते. तीच राख साध्या पाण्यात सामू १२ वर शिसे सोडत असते. म्हणून टीसीएलपीच्या निकालाशेजारी चाचणी संपतानाचा सामू लिहिलेला नसेल तर त्या निकालावर विसंबू नये.

जोडीला पाण्याची चाचणी घ्याच. ईएन १२४५७-२ या युरोपीय मानकात ४ मिलिमीटरपेक्षा बारीक राख १० पट पाण्यात २४ तास फिरवून ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरने गाळतात. अंतिम निवडीपूर्वी ईपीए १३१३ (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पद्धत) किंवा ईएन १४४२९ प्रमाणे वेगवेगळ्या सामूंवर किती धातू सुटतो त्याची पूर्ण वक्ररेषा काढता आली तर सर्वात उत्तम. पुढे अनेक वर्षांनी चुना संपून सामू उतरेल तेव्हा काय होईल, हे तीच दाखवते.

रसायनाची निवड

शिसे हाच मुख्य त्रास असेल तर फॉस्फेट. विद्राव्य फॉस्फेट, क्लोराइड आणि शिसे एकत्र आले की क्लोरोपायरोमॉर्फाइट नावाचे खनिज बनते, आणि ते शिशाच्या सर्वात अविद्राव्य खनिजांपैकी आहे. फॉस्फोरिक आम्ल वापरले तर जास्तीचा चुनाही त्याच दमात मारला जातो. राखेचा सामू आधीच १० च्या आसपास असेल तर आम्लाऐवजी सोडियमचे फॉस्फेट घ्यावे.

कॅडमियम, तांबे आणि पारा यांचे प्रमाण जास्त असेल तर डायथायोकार्बामेटसारखी गंधकयुक्त चिलेट रसायने, म्हणजे धातूला चिमट्यासारखी पकडणारी. ती सामूची फारशी पर्वा करत नाहीत आणि चुना मारावा लागत नाही. पण महाग असतात, आणि सेंद्रिय असल्यामुळे दीर्घकाळ टिकण्याबाबत खनिजाइतकी खात्री देत नाहीत. सोडियम सल्फाइड स्वस्त आहे, मात्र सामू ९ च्या खाली घसरला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास सुरुवातीला येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, तेव्हा वास गेला म्हणजे धोका टळला असे समजू नका. फॉस्फोरिक आम्ल आणि सल्फाइड एका मिक्सरमध्ये एकापाठोपाठ वापरायचा विचारही करू नका. डायथायोकार्बामेटसुद्धा आम्लात फुटून ज्वलनशील आणि विषारी कार्बन डायसल्फाइड देते.

क्रोमियम सहा सापडला तर वरचे काहीच पुरे पडत नाही. त्याला आधी क्षपण करून क्रोमियम तीनवर आणावे लागते, त्यासाठी फेरस सल्फेट. एका ग्रॅम क्रोमियमला गणिताने सुमारे १६ ग्रॅम स्फटिकी फेरस सल्फेट लागते. पण अल्कधर्मी राखेत फेरस हवेनेच झपाट्याने खराब होते, म्हणून प्रत्यक्षात याच्या काही पट घ्यावे लागते. ते ताजे विरघळवून लगेच वापरा.

तळराखेला बहुधा महागडे रसायन लागतच नाही. ओल १५ ते २० टक्के ठेवून, ढीग अधूनमधून उलटवत सहा ते बारा आठवडे मुरू दिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरतो आणि शिसे बसते. अँटिमनीवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

सिमेंटबद्दल लोकांचा भाबडा विश्वास आहे. सिमेंट राखेला घट्ट ठोकळ्यात बांधते, पण त्याचा स्वतःचा सामू १२.५ च्या वर असतो, म्हणजे शिशाला नेमका नको असलेला. जस्त आणि शिसे सिमेंटचे घट्ट होणे लांबवतात, क्लोराइड विरघळून बाहेर गेले की ठोकळ्यात पोकळ्या उरतात. आधी रसायनाने धातू बांधा, मग हवे तर सिमेंट घाला.

डोसचा हिशेब

एक टन फिल्टरची राख घेऊ, शिसे किलोला २,००० मिलिग्रॅम. म्हणजे टनात २ किलो, सुमारे ९.६५ मोल. पायरोमॉर्फाइटमध्ये पाच शिशांना तीन फॉस्फेट, म्हणजे ५.८ मोल. ८५ टक्क्यांच्या फॉस्फोरिक आम्लात ते अवघ्या ६७० ग्रॅममध्ये मिळते.

६७० ग्रॅम टाकून पाहा, काहीही फरक पडणार नाही. राखेत शिशाच्या शेकडो पट कॅल्शियम आहे आणि फॉस्फेट आधी त्याच्याकडे धावते. राखेच्या ३ टक्के, म्हणजे टनाला ३० किलो आम्ल घातले तर २६० मोल फॉस्फेट जाते, शिशाच्या गरजेच्या ४५ पट. यातला बहुतेक भाग कॅल्शियम फॉस्फेट बनतो. तोही अगदी वाया जात नाही, कारण काही धातू त्यात अडकतात. तरी डोस शिशाच्या गणितावर नव्हे, तर आम्ल पचवण्याच्या वक्रावर आणि बरणीतल्या प्रयोगावर ठरवायचा.

बरणीतला प्रयोग

झाकणाच्या सहा प्लास्टिक बरण्या घ्या. प्रत्येकीत २०० ग्रॅम कोरडी राख. ५० मिलिलिटर पाण्यात ८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल अनुक्रमे ०, २, ४, ६, ८ आणि १२ ग्रॅम मिसळा, म्हणजे ०, १, २, ३, ४ आणि ६ टक्के. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. हे द्रावण राखेवर थोडे थोडे ओतत जाड काठीने दहा मिनिटे घोटा. राख गरम होईल, फसफसेल. झाकण सैल ठेवा, नाहीतर हायड्रोजनने बरणी फुगते.

२४ तासांनी बरणीतले एक ढेकूळ काढून फोडा. बाहेरून काळपट ओले आणि आत फिकट कोरडी भुकटी दिसली तर मिश्रण झालेच नाही. आम्लाने गोळीभोवती कवच धरले आणि आतली राख जशीच्या तशी राहिली. ही खूण मोठ्या मिक्सरमध्येही तितकीच खरी ठरते. पाणी ५० वरून ६० मिलिलिटर करून पुन्हा करा.

आता पाण्याची चाचणी. इथे वजनात चूक होते. ३ टक्क्यांच्या बरणीत २०० ग्रॅम राखेचे आता २५६ ग्रॅम झाले आहेत, त्यामुळे १० ग्रॅम मूळ राख हवी असेल तर १२.८ ग्रॅम ओला नमुना घ्या. त्यात २.५ मिलिलिटर पाणी आधीच आहे, म्हणून वर ९७.५ मिलिलिटर घाला. सगळे निकाल मूळ राखेच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये लिहा. हे केले नाही तर भरीचे वजनही गुण देऊन जाते. ३० टक्के सिमेंट घातलेला नमुना काही न करता सुमारे २३ टक्के चांगला दिसतो.

सहाही बरण्यांचा सामू, शिसे, जस्त, कॅडमियम आणि अँटिमनी यांचा आलेख काढा. शिशाची रेषा वाडग्यासारखी येते: डावीकडे अल्कामुळे उंच, मध्ये खोल, आणि डोस फार झाला तर उजवीकडे पुन्हा वर. जस्त आणि कॅडमियम उजवीकडे शिशाच्याही आधी चढू लागतात. सर्वात खोल बिंदू निवडू नका, वाडग्याच्या सपाट तळाचा मध्य निवडा. राख उद्या बदलणार आहे आणि दोन्ही बाजूंना जागा हवी. तळ अगदीच अरुंद असेल तर आम्लाचा थोडा भाग सोडियमच्या फॉस्फेटने बदला, सामू इतका उड्या मारत नाही.

निवडलेल्या डोसची चाचणी १, ७ आणि २८ दिवसांनी पुन्हा घ्या. राखेत आर्सेनिक असेल तर तेही मोजा, फॉस्फेट त्याला त्याच्या जागेवरून हुसकावते. झिरप्यातले उरलेले फॉस्फेटही पाहा, नाहीतर शिसे थांबवून पाणवठ्यात शेवाळाची सोय केल्यासारखे होईल.

चिलेटच्या प्रयोगाची रीत हीच, सुरुवात राखेच्या १ ते ५ टक्के द्रावणापासून. एकूण जस्त धरून हिशेब केला तर डोस अवाच्या सवा येतो. तांबे, शिसे आणि कॅडमियम चिलेटला जस्ताच्या आधी धरतात, म्हणून पाण्याच्या चाचणीत जेवढे धातू सुटले तेवढाच भाग हिशेबात घ्या.

प्रत्यक्ष मिक्सर

दोन दांड्यांचा पॅडल मिक्सर, म्हणजे पगमिल, या कामाला चांगला. काँक्रीटचा फिरता ड्रम नको, त्यात गोळ्या वळतात. राख ५० अंशांच्या खाली थंड झाल्याशिवाय आत घेऊ नका. गरम राखेवर पाणी वाफ होऊन उडते आणि चिलेट फुटते.

क्रम असा: राख आत, मिक्सर चालू, एकूण पाण्यापैकी निम्मे साधे पाणी फवारून धूळ बसवा, मग उरलेल्या पाण्यात मिसळलेले रसायन दोन-तीन ठिकाणच्या फवाऱ्यांतून तीन ते पाच मिनिटांत सोडा, त्यानंतर आणखी पाच ते दहा मिनिटे घोटा. एकूण पाणी राखेच्या २० ते ३० टक्के. मूठ वळली तर गोळा टिकावा, पण हाताला पाणी सुटू नये. ही परीक्षा हातमोजे घालूनच.

आम्लाच्या टाक्या आणि नळ्या पॉलिथिलीनच्या ठेवा. क्लोराइड आणि आम्ल एकत्र आले की स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात, म्हणून पात्याच्या अस्तरांची नियमित तपासणी करा. मिक्सरवर सतत ओढ देणारा पंखा आणि हायड्रोजनचा गजर हवा. भट्टीत नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला अमोनिया किंवा युरिया वापरत असतील तर राख भिजताच झणझणीत अमोनिया सुटतो, त्या हवेला आम्लाने धुण्याची सोय लागते.

क्लोराइड फारच असेल तर उपचारापूर्वी राख तिच्या तीन ते पाच पट पाण्याने धुतात. क्षार निघून जातात, वजनही बरेच घटते. पण ते धुवण सामू १२ चे आणि शिसे विरघळलेले असते, त्याच्या शुद्धीकरणाची सोय नसेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नका.

रोजची देखरेख

बाहेर पडलेला माल छताखाली, वायुविजन असलेल्या जागी किमान २४ तास ठेवा. प्रत्येक खेपेचा १० ग्रॅम नमुना १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास ढवळून सामू पाहा. ९ ते १०.५ मध्ये असेल तर खेप पुढे. ११ च्या वर गेला तर बहुधा चुन्याचा फवारा वाढला आहे किंवा आम्लाचा पंप कमी ओढतो आहे, पंप आधी तपासा. ८ च्या खाली आला तर कॅडमियम आणि जस्त सुटणार हे धरून चाला. बिघडलेली खेप कडक होण्याआधी त्याच दिवशी मिक्सरमध्ये परत घाला. एकदा दगडासारखी झाली की ती आधी दळावी लागते आणि सगळी धूळ पुन्हा उडते.

पूर्ण निक्षालन चाचणी आठवड्यातून एकदा आणि कचऱ्याचा किंवा चुन्याचा पुरवठा बदलला की लगेच. उत्तीर्ण झालेली राख स्वतंत्र, अस्तर घातलेल्या कप्प्यात टाका. ओल्या कचऱ्याबरोबर पुरली तर कुजणाऱ्या कचऱ्याची सेंद्रिय आम्ले वाडग्याची उजवी बाजू दाखवू लागतात, म्हणजे सामू उतरून धातू पुन्हा सुटतात.